हॉस्पिस सेवेतील रुग्ण आणि शुश्रूषा करणारे कुटुंबीय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळात रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा. आजार बरा करणारा उपचार आता उरलेला नाही, हे कळल्यानंतरच्या आठवड्यांत रुग्ण आणि घरची माणसे जे विचारतात, ते बहुतेक अगदी व्यवहारातले असते. रात्री दोन वाजता दुखायला लागले तर काय द्यायचे, घास गिळवत नसेल तर काय करायचे, श्वास वेगळाच ऐकू आला तर कोणाला फोन करायचा. या प्रश्नांची उत्तरे वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळाली, तर आजार तसाच राहूनही घरातली धास्ती बरीच उतरते, हा या उत्तरांमागचा विचार आहे. येथील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषधाची मात्रा आणि वेळ रुग्णाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

हॉस्पिस सेवा घेतली म्हणजे उपचार थांबले असे समजायचे का?

नाही. मूळ रोगावरचा उपचार थांबतो किंवा मर्यादित होतो. वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, निद्रानाश आणि भीती यांवरचे उपचार सुरूच राहतात, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने होतात. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानली जाते. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. रुग्णाचे दुखणे शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी पाहिले पाहिजे, ही ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांनीच मांडली. हॉस्पिसच्या पथकात डॉक्टर आणि परिचारिकेबरोबर समाजसेवक व समुपदेशक असतात, त्याचे मूळ येथे आहे.

उपशामक सेवा आणि हॉस्पिस यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. उपशामक सेवा, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणारी सेवा, गंभीर आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर, रोगावरील उपचारांच्या जोडीने घेता येते. हॉस्पिस हा तिचाच अखेरच्या काळातला भाग आहे. ही सेवा वेगळ्या इमारतीत, रुग्णालयात किंवा रुग्णाच्या घरीही दिली जाते.

ही सेवा सुरू केली की मृत्यू लवकर येतो, हे खरे आहे का?

अशी समजूत होण्याचे कारण इतकेच, की बहुतेक कुटुंबे फार उशिरा, शेवटच्या काही दिवसांत येतात, आणि मग सेवा आणि मृत्यू यांची सांगड मनात पक्की बसते. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. निदानानंतर लगेच उपशामक सेवा जोडलेल्या गटात अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले, तरी त्या गटातील रुग्णांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने होते आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ८.९ महिने. ही चाचणी लवकर सुरू केलेल्या उपशामक सेवेची होती, हॉस्पिसची नव्हती, म्हणून तिच्यावरून आयुष्य वाढेल असे वचन कोणी देऊ नये. लक्षणांवर नीट उपचार केल्याने मृत्यू ओढवतो ही भीती मात्र तिच्यामुळे निराधार ठरते.

पुढे काय होणार हे सांगून ताण वाढणार नाही का? जितके कमी कळेल तितके बरे, असे घरात सर्वांचे मत आहे.

हे मत आम्ही वरचेवर ऐकतो आणि त्यामागची माया आम्हाला कळते. परंतु माहिती नसली म्हणून मन शांत राहत नाही. ते रिकामी जागा स्वतःच्या कल्पनेने भरून काढते, आणि ती कल्पना बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा भयंकर असते. ज्याला श्वास गुदमरून मरण येईल अशी भीती वाटते आहे, त्याला धाप कशी आटोक्यात ठेवता येते हे कोणी सांगितलेलेच नसते.

याविषयी संशोधनही झाले आहे. फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांत मरणासन्न असलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबीयांवरील एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाशी ठरावीक पद्धतीने, अधिक वेळ देऊन बोलणे झाले आणि शोकाविषयीची एक पुस्तिका देण्यात आली; दुसऱ्या गटाशी नेहमीप्रमाणे बोलणे झाले. मृत्यूनंतर ९० दिवसांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात आघातोत्तर ताणाची, चिंतेची आणि नैराश्याची लक्षणे कमी आढळली. त्या अभ्यासातला एक तपशील आम्हाला पुस्तिकेहूनही महत्त्वाचा वाटतो : पहिल्या गटातील कुटुंबीय बैठकीत स्वतः सुमारे १४ मिनिटे बोलले, दुसऱ्या गटातील सुमारे ५ मिनिटे. समजावून सांगण्याचा बराच भाग ऐकून घेण्याचा असतो, हे शिकवणाऱ्यांनीच आधी शिकायला हवे.

आणखी एक गोष्ट. नुसता धीर देणे आणि काम शिकवणे यांत फरक पडतो. कर्करोगाच्या हॉस्पिस रुग्णांच्या कुटुंबीयांवरील अमेरिकेतील एक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला भेटींमधून आपुलकीचा आधार दिला गेला, तर दुसऱ्याला लक्षणांना तोंड कसे द्यायचे हे शिकवण्यात आले. जीवनमान सुधारण्याचा आणि शुश्रूषेचा भार हलका होण्याचा लाभ शिकवलेल्या गटाला झाला.

डॉक्टर सांगतात तेव्हा सगळे समजते, घरी आल्यावर काहीच आठवत नाही. आमचेच काही चुकते आहे का?

अजिबात नाही. वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात, आणि जे आठवते त्यातलेही निम्मे चुकीचे असू शकते, असे या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २००३ सालच्या एका लेखात म्हटले आहे. भेदरलेल्या मनाने ऐकलेले तर आणखी कमी टिकते. म्हणून एका भेटीत तीनच्या वर गोष्टी सांगू नयेत, अशी विनंती पथकाला निःसंकोच करावी आणि सांगितलेले कागदावर लिहून मागावे.

आमचा सर्वाधिक भरवसा मात्र आपल्या शब्दांत परत सांगण्याच्या पद्धतीवर आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो. त्याऐवजी परिचारिका असे विचारते : ‘मी नीट सांगितले की नाही हे मला पाहायचे आहे. रात्री त्यांना दुखायला लागले तर तुम्ही काय कराल, मला सांगा बरे.’ मुलगा म्हणतो, ‘सकाळच्या गोळीची वेळ होईपर्यंत थांबेन.’ या एका उत्तराने कळते की मधल्या वेळच्या जादा मात्रेबद्दल सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही, आणि रुग्णाची एक रात्र वाचते. पथकाने असे विचारले नाही, तर तुम्ही स्वतःच म्हणावे : ‘मी काय समजलो ते सांगतो, चुकले तर दुरुस्त करा.’

घरात एक वही ठेवावी. तिच्यात औषधाचे नाव, ते कशासाठी, कधी दिले, कोणी दिले आणि अर्ध्या-एक तासाने काय फरक पडला, एवढ्या नोंदी पुरेत. पहिल्या पानावर दिवसाचा आणि रात्रीचा संपर्क क्रमांक ठळक अक्षरांत असावा. आळीपाळीने शुश्रूषा करणाऱ्या भावंडांमधले ‘तू दिलेस की मी द्यायचे’ हे वाद या वहीमुळे बरेचसे मिटतात.

रुग्णाला स्वतःच्या आजाराचे गांभीर्य सांगावे का?

सांगावे की नाही, यापेक्षा त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारावे. ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय कळले आहे?’ आणि ‘आणखी काही जाणून घ्यायची इच्छा आहे का, की ते आम्ही घरच्यांशी बोलावे?’ या दोन प्रश्नांतून बहुधा वाट सापडते. काही रुग्ण स्पष्टपणे नको म्हणतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पुष्कळांना मात्र सगळे आधीच कळलेले असते. घरच्यांना त्रास नको म्हणून ते गप्प असतात आणि घरचे त्यांच्यासाठी गप्प असतात. या दुहेरी मौनात निरोपाची, हिशेबाची, क्षमेची बोलणी राहून जातात. रुग्णाने थेट विचारलेच तर खोटे बोलू नये. तुम्हाला उत्तर देणे जड जात असेल तर ‘हा प्रश्न आपण डॉक्टरांना मिळून विचारू’ असे म्हणणेही प्रामाणिकच आहे.

मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, असे आम्ही समजत होतो. त्याची सवय लागते का? त्याने जीव जातो का?

मॉर्फिनविषयीचे गैरसमज हे घरातल्या ताणाचे आणि न शमलेल्या वेदनेचे एक मोठे कारण आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मॉर्फिन आजाराच्या टप्प्यावर नव्हे, वेदनेच्या तीव्रतेवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायरीवार पद्धत सुचवली, तेव्हापासून तीव्र वेदनेसाठी ते मुख्य औषध मानले गेले आहे, आणि संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. काही रुग्ण अनेक महिने मॉर्फिन घेऊन हिंडतात-फिरतात.

दीर्घकाळ घेतल्यावर शरीर औषधाला सरावते आणि ते एकदम बंद केले तर त्रास होतो, हे खरे. पण याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात माणूस अपाय होत असूनही औषधाच्या मागे लागतो. वेदनेसाठी देखरेखीखाली घेणाऱ्या हॉस्पिस रुग्णांत तसे क्वचितच घडते. जुन्या व्यसनाचा इतिहास असेल तर तो मात्र डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्यानुसार योजना आखता येते.

तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण अर्ध्या तासात जाणवतो आणि सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळाप्रमाणे द्यायचे असते. ‘दुखेल तेव्हा देऊ’ असे ठरवले की प्रत्येक वेळी वेदना आधी चढते आणि औषध तिच्या मागून धावते. नियमित मात्रांच्या मध्ये दुखलेच, तर त्यासाठी वेगळी जादा मात्रा लिहून दिलेली असते. ती कितीदा लागली याची नोंद डॉक्टरांना पुढची मात्रा ठरवायला उपयोगी पडते. रुग्णाला गोळी गिळता येत नसेल तर द्रवरूप औषध सुईविरहित सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंबाथेंबाने सोडता येते. दीर्घ परिणामाच्या गोळ्या मात्र कधीही कुटून किंवा चावून देऊ नयेत. तसे केल्यास बारा तासांचे औषध एकदम शरीरात उतरते.

सुरुवातीच्या काही दिवसांत गुंगी आणि मळमळ येऊ शकते व बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. रुग्णाला हलवूनही जाग येत नसेल, श्वास फारच मंदावला असेल किंवा हातापायांना झटके येत असतील, तर पुढची मात्रा देण्याआधी पथकाला फोन करावा. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर औषध शरीरात साठते, म्हणून तशा रुग्णाकडे अधिक लक्ष ठेवावे लागते.

आता एक अवघड गोष्ट. औषध ठरावीक तासांनी देत राहिले की कोणती तरी एक मात्रा शेवटची ठरतेच. ती देऊन झाल्यावर तासाभरात मृत्यू आला, तर देणाऱ्याच्या मनात ‘माझ्या हातून गेले’ हा काटा वर्षानुवर्षे राहतो. वेदनेच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत नेलेली मात्रा मृत्यू घडवून आणत नाही. मृत्यू आजाराने येतो. हे आधीच सांगितलेले असले तर त्या व्यक्तीला ते नंतर पटायला सोपे जाते, आणि आधी सांगण्याची जबाबदारी पथकाची आहे.

रुग्ण बोलू शकत नाही. त्याला दुखते आहे हे कसे ओळखायचे?

कपाळावर आठ्या, आवळलेला जबडा, कण्हणे, श्वास जोरात चालणे, एखादा भाग हलवताना अंग आखडणे आणि नेहमीपेक्षा वाढलेली अस्वस्थता या खुणा पाहाव्यात. कूस बदलताना किंवा अंग पुसताना चेहरा कसा होतो, ते विशेष पाहावे. रोज जवळ असणाऱ्या माणसाला ‘आज काहीतरी वेगळे आहे’ असे जे वाटते, ते पथकाने गांभीर्याने घ्यायला हवे. तुम्हीही ते सांगताना संकोचू नये.

जेवण जवळजवळ बंद झाले आहे. उपासमारीने जातील, अशी भीती वाटते.

हा प्रश्न विचारताना कितीतरी जणांचा आवाज भरून येतो, कारण खाऊ घालणे हीच माया दाखवण्याची आपली सर्वांत जुनी रीत आहे. प्रगत आजारात शरीर अन्न पूर्वीसारखे वापरू शकत नाही. भूक मंदावते, स्नायू झिजतात आणि बळेबळे भरवलेले अन्न ताकद देण्याऐवजी मळमळ, उलटी, किंवा श्वासनलिकेत गेल्यास ठसका आणि न्यूमोनिया देऊन जाते. माणूस जेवत नाही म्हणून आजार वाढत नाही. आजार वाढल्यामुळे जेवण सुटते. हा क्रम नीट समजला की घरातली रोजची झटापट थांबते.

मागेल तेव्हा, मागेल तेवढेच, आवडीचे द्यावे. दोन चमचे घेऊन मान फिरवली तर वाटी बाजूला ठेवावी. भरवताना रुग्णाला बसते करावे आणि तो पूर्ण जागा असल्याशिवाय तोंडात काहीही घालू नये. मात्र तोंडात छाले, बुरशी, बद्धकोष्ठता, न शमलेली वेदना किंवा एखादे औषध यांमुळे जेवण कमी झाले असेल, तर ते दुरुस्त होण्यासारखे आहे. त्यामुळे खाणे अचानक सुटल्यास एकदा तपासून घ्यावे.

मग निदान सलाईन तरी लावावे ना?

बहुधा नाही. प्रगत कर्करोगाच्या हॉस्पिस रुग्णांवरील चाचणीत रोज एक लिटर द्रव दिलेल्या आणि नाममात्र १०० मिलिलिटर दिलेल्या रुग्णांच्या लक्षणांत किंवा आयुष्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अखेरच्या दिवसांत जादा द्रवाने सूज आणि छातीतला कफ वाढू शकतो. काही विशिष्ट कारणांसाठी डॉक्टर थोडे दिवस ते लावून पाहतात, तेव्हा कशासाठी आणि कधीपर्यंत हे विचारून घ्यावे.

कोरड पडते ती मुख्यतः तोंडाला, आणि तिच्यावर उपाय तोंडातच करायचा असतो. मऊ स्पंज किंवा स्वच्छ कापडाचा बोळा पाण्यात बुडवून पूर्ण पिळावा, गालांच्या आतून, हिरड्यांवरून आणि जिभेवरून हलकेच फिरवावा आणि ओठांना मलम लावावे. दर एक-दोन तासांनी हे केले तर रुग्णाच्या चेहऱ्यावरचा फरक दिसतो, आणि करणाऱ्यालाही आपण काहीतरी उपयोगाचे करतो आहोत असे वाटते.

धाप लागली की सगळे घर घाबरते. त्या क्षणी काय करावे?

आधी स्वतःचा आवाज आणि हालचाल संथ करावी, कारण धाप आणि भीती एकमेकींना वाढवतात. रुग्णाला टेकून बसवावे, उशीवर हात ठेवून पुढे झुकू द्यावे, खिडकी उघडावी, भोवतीची गर्दी कमी करावी. छोटा पंखा गालांवर आणि नाकाजवळ वारा येईल असा धरावा. चेहऱ्यावरच्या नसांना लागणाऱ्या गार वाऱ्याने श्वास अपुरा पडल्याची जाणीव कमी होते. त्यानंतर धापेसाठी लिहून दिलेली मात्रा द्यावी. बऱ्याच वेळा ते अल्प प्रमाणातले मॉर्फिनच असते, आणि नीट ठरवलेल्या मात्रेत ते धापेची जाणीव सुरक्षितपणे कमी करते. रक्तातील ऑक्सिजन कमी नसेल तर ऑक्सिजनच्या नळीचा पंख्यापेक्षा फारसा अधिक उपयोग होत नाही, हे बहुतेकांना आश्चर्याचे वाटते.

हे सारे धाप लागलेली नसताना एकदा करून पाहावे. संकटात हात तेच करतात जे त्यांनी आधी केलेले असते.

रात्री ते असंबद्ध बोलतात, उठून जायला बघतात, आम्हाला ओळखत नाहीत. हे वेड आहे का?

याला भ्रमावस्था म्हणतात आणि अखेरच्या आठवड्यांत ती पुष्कळ रुग्णांना येते. ते जे बोलतात ते आजार बोलतो. त्यातले कठोर शब्द मनाला लावून घेऊ नयेत. लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, ताप, संसर्ग, वेदना किंवा नवे औषध यांपैकी कारण सापडले तर ते दूर करता येते, म्हणून बदल अचानक झाला असल्यास त्याच दिवशी कळवावे. मंद दिवा, ओळखीचा आवाज, एका वेळी एकच माणूस आणि छोटी वाक्ये उपयोगी पडतात. वाद घालू नये, हात बांधू नयेत. गरज पडल्यास त्यावर औषध देता येते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची निगा कशी राखावी?

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन किंचित कलते ठेवावे. टाचा गादीवर टेकू देऊ नयेत, त्वचा कोरडी ठेवावी, लाल झालेल्या जागेवर चोळू नये. रुग्णाला ओढून सरकवण्याऐवजी खाली घातलेल्या चादरीने दोघांनी उचलावे. पहिल्या वेळी परिचारिकेसमोर करून दाखवावे, म्हणजे तुमची पाठही वाचेल. अगदी शेवटच्या दिवसांत हलवण्याचाच त्रास होत असेल, तर दोन तासांचा नियम सैल करण्यात काही चूक नाही.

शेवटचे दिवस जवळ आले हे कसे कळते?

नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर फार विसंबूही नये. तरी काही बदल बहुतेकांत दिसतात. झोप वाढत जाते, जाग आल्यावरही लक्ष थोडाच वेळ टिकते. गिळणे थांबते. लघवी कमी आणि गडद होते. हात-पाय गार पडतात, गुडघे आणि तळपायांवर निळसर-जांभळे चट्टे उमटतात.

श्वासातला बदल सर्वाधिक घाबरवतो. काही श्वास खोल होत जातात, मग उथळ होतात, आणि मग श्वास काही वेळ थांबतो. दहा, वीस, कधी तीस सेकंद. खोलीतले सगळे आपापला श्वास रोखून बघत राहतात आणि तेवढ्यात तो पुन्हा सुरू होतो. या पद्धतीचे वर्णन जॉन चेन यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली केले, म्हणून तिला त्या दोघांचे नाव आहे. मेंदूचे श्वासावरचे नियंत्रण मंदावल्याने असे होते. रुग्ण तेव्हा गुदमरत नसतो.

घशातली घरघर हा दुसरा आवाज. गिळणे आणि खोकणे थांबल्यामुळे घशात साचलेल्या लाळेतून हवा जाते, एवढेच त्याचे कारण. रुग्ण बहुधा बेशुद्धीत असतो आणि त्याला त्याचा त्रास होत असल्याची चिन्हे दिसत नाहीत. त्रास ऐकणाऱ्यांना होतो. कुशीवर वळवून डोके थोडे उंच केल्याने आवाज कमी होतो, काही वेळा औषधही देतात. नळी घालून घसा साफ करण्याचा आग्रह सहसा धरू नये, कारण त्याने टोचते आणि लाळ पुन्हा साचते.

बेशुद्ध माणसाला आपले बोलणे ऐकू येते का?

काहींना येत असावे. कॅनडातील व्हँकुव्हर येथील हॉस्पिसमध्ये झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यूपूर्वीच्या काही तासांत, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूतही ध्वनीला निरोगी माणसांसारखा प्रतिसाद नोंदवला गेला. ते शब्दांचा अर्थ समजत होते की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही बोलत राहावे, हात हातात घ्यावा, आणि खर्चाची भांडणे त्या खोलीबाहेर करावीत.

रात्री फोन करण्याजोगे कारण आहे की नाही, हे कसे ठरवावे?

ठरवत बसू नये, करावा. जादा मात्रा देऊनही न थांबणारी वेदना किंवा धाप, नवा रक्तस्राव, झटके, पडणे, अचानक आलेला गोंधळ, लघवी पूर्ण बंद होऊन पोट फुगणे आणि संपत आलेले औषध ही तर ठळक कारणे आहेत. ‘मला भीती वाटते आहे’ हेही पुरेसे कारण आहे. फोनवर रुग्णाचे नाव, काय बदलले, कधीपासून आणि शेवटचे औषध कोणते, कधी दिले, हे वही समोर धरून सांगावे.

रुग्णवाहिका बोलावली की तिच्यातले पथक बहुधा जीव वाचवण्याच्या नियमाने काम करते, म्हणजे छातीवर दाब देणे आणि नळी घालणे आलेच. रुग्णाला ते नको असेल तर तशी इच्छा डॉक्टरांशी बोलून, जेथे राहता तेथील कायद्यानुसार लिहून ठेवलेली असावी आणि घरातल्या प्रत्येकाला तो कागद कोठे आहे हे माहीत असावे.

दूर राहणारा भाऊ येतो आणि सगळे पुन्हा रुग्णालयात न्यायला सांगतो. काय करावे?

त्याने आजार बळावत जाताना पाहिलेला नसतो, त्यामुळे त्याचा धक्का नवा असतो. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी पथकासोबत एकत्र बैठक मागावी, आणि ‘आपल्याला काय हवे’ याऐवजी ‘आईला बोलता आले असते तर ती काय म्हणाली असती’ या प्रश्नापासून सुरुवात करावी.

मी थकले आहे, कधी कधी हे संपावे असेही वाटते. हे मनात येणे पाप आहे का?

असा विचार शुश्रूषा करणाऱ्या पुष्कळ माणसांच्या मनात येतो आणि जवळजवळ कोणी तो बोलून दाखवत नाही. त्रास संपावा असे वाटणे आणि माणूस संपावा असे वाटणे यांत अंतर आहे, आणि थकलेल्या मनाला ते नेहमीच दिसत नाही.

थकव्याकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे आहे. जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांवरील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना शुश्रूषेचा ताण जाणवत होता त्यांच्यात, शुश्रूषा न करणाऱ्यांच्या तुलनेत, चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्के अधिक आढळला. तो अभ्यास हॉस्पिसमधला नव्हता, तरी इशारा तोच. सलग झोप न मिळणे, स्वतःची औषधे चुकणे, क्षुल्लक कारणावरून रुग्णावर ओरडणे, सतत रडू येणे, जगण्यात अर्थ न वाटणे यांपैकी काही दिसले तर पथकाला सांगावे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी. अनेक हॉस्पिसमध्ये रुग्णाला काही दिवस दाखल करून घरच्यांना विसावा देण्याची सोय असते. ती वापरणे म्हणजे रुग्णाला टाकणे नव्हे.

‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्यांना काम नेमून द्यावे : मंगळवारी दुपारी दोन तास बसणे, औषधे आणणे, नातेवाइकांना फोनवर खबर देणे. मदत करू इच्छिणाऱ्यालाही काय करावे हे कळत नसते.

लहान मुलांना काय सांगावे?

खरे आणि थोडक्यात. ‘झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ असे सांगू नये; मूल झोपेला घाबरते किंवा परतीची वाट पाहते. शरीर काम करेनासे झाले आहे, डॉक्टर ते बरे करू शकत नाहीत, यात तुझी काहीही चूक नाही, आणि तुझी काळजी आम्ही घेणार आहोत, हे सांगावे. मुलाला खोलीत यायचे असेल तर काय दिसेल ते आधी सांगून आणावे. नको असेल तर आग्रह करू नये.

घरी मृत्यू झाला तर त्या क्षणी काय करायचे?

काहीही घाईने करायचे नसते. वेळ पाहून ठेवावी, हवे तितके जवळ बसावे, आणि मग हॉस्पिसच्या क्रमांकावर फोन करावा. मृत्यूची नोंद आणि प्रमाणपत्राचे पुढचे टप्पे ते सांगतील. उरलेले मॉर्फिन आणि त्वचेवर चिकटवायचे वेदनाशामक पॅच दुसऱ्या कोणाला देऊ नयेत किंवा कपाटात पडू देऊ नयेत. वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असते आणि ते लहान मुलासाठी जीवघेणे ठरू शकते. पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावेत आणि सर्व औषधांची मोजदाद करून पथकाच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावावी.

नंतरचे दुःख किती दिवस राहते आणि मदत कधी घ्यावी?

त्याला वेळापत्रक नसते. पहिल्या आठवड्यांत सुटकेची भावना, बधिरपणा, राग, ‘आपण आणखी काही करायला हवे होते’ ही टोचणी, हे सारे एकाच दिवसात येऊन जाऊ शकते. औषधाची वेळ झाली म्हणून रात्री दचकून जाग येणे शुश्रूषा करणाऱ्यांना बराच काळ घडते. बहुतेकांची तीव्रता महिन्यांगणिक कमी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारी, समाजाच्या रीतीहून स्पष्टपणे जास्त आणि दैनंदिन जगणे अडवणारी ओढ व वेदना ‘प्रदीर्घ शोक विकार’ म्हणून नोंदली आहे, आणि त्यावर उपचार आहेत. सहा महिने होईपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. अनेक हॉस्पिस मृत्यूनंतरही कुटुंबाशी संपर्क ठेवतात, आणि शेवटच्या दिवसांतील एखादी घटना मनातून जात नसेल तर त्या वेळी सेवेत असलेल्या परिचारिकेला भेटून ‘तेव्हा नेमके काय झाले होते’ हे विचारता येते. कितीतरी जणांना मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी हाच एक प्रश्न विचारायचा असतो, आणि त्यासाठी वेळ मागून घ्यावी.